न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीचं धुळीचं खळं: घरी बसून, खऱ्या डेटावर, स्वतः कसं मोजायचं

आमच्या देवगडकडे पावसाळा सरता सरता आभाळ जरा उघडं पडायला लागतं आणि एखाद्या रात्री पातळ ढगातून चंद्र दिसतो, भोवती गोल कडं. सासूबाई खळ्यात येऊन वर बघतात आणि म्हणतात, "चंद्राक खळां पडलां." घरापुढचं सारवलेलं अंगण तेही खळंच आणि चंद्राभोवतीचं कडं तेही खळंच. हा शब्द मला इतका आवडतो की एक्स-रे खगोलशास्त्रात ज्याला डस्ट स्कॅटरिंग हॅलो म्हणतात त्याला मी वर्गात सरळ धुळीचं खळं म्हणते, आणि पोरांना ते लगेच कळतं.

कळतं कारण सगळं इथं बघायला मिळतं. चिरेखाणीच्या रस्त्यावर समोरून डंपर आला की लाल धुरळ्यात हेडलाईटभोवती गोल उजेड पसरतो, तसंच पावसात फोंडा घाट चढताना धुक्यात एसटीच्या दिव्याभोवती. दिवा असतो एवढासा, पण मधल्या कणांनी उजेड थोडा थोडा वाकवून आपल्याकडे पाठवलेला असतो म्हणून तो मोठा दिसतो. आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधे असलीच बारीक धूळ आहे, कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपासचे, सिलिकेट आणि कार्बनचे. न्यूट्रॉन ताऱ्यातून, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर मागे उरलेल्या अतिशय घट्ट गाभ्यातून, निघालेले एक्स-रे या धुळीत काही आर्कमिनिटांनी (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वळतात आणि ताऱ्याभोवती फिकट खळं दिसतं. चंद्राचं मोठं २२ अंशांचं खळं बर्फाच्या स्फटिकांतून उजेड वाकल्यामुळे होतं, आणि चंद्राला चिकटून जे छोटं रंगीत कडं असतं ते ढगातल्या थेंबांमुळे. आपलं धुळीचं खळं या दुसऱ्याचं नातेवाईक. थेंब जितका बारीक तितकं कडं मोठं, तसंच कण जितका बारीक तितकं खळं मोठं.

आता खरी गंमत. वळून आलेला प्रकाश लांबच्या वाटेनं येतो, म्हणजे उशिरा येतो. तारा क्षणभर भडकला आणि गप्प झाला तर सरळ वाटेचा उजेड येऊन जातो, आणि तासांनी, दिवसांनी त्याच भडक्याचा उजेड धुळीवरून वळून गोल कड्याच्या रूपात येत राहतो आणि ते कडं मोठं मोठं होत जातं. वीज चमकली की आपण गडगडाटापर्यंत आकडे मोजतो, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर, अगदी तसाच हिशोब इथं आहे. उशीर मोजा, अंतर मिळतं. आणि तो डेटा सगळ्यांसाठी फुकट उघडा आहे, म्हणून हा लेख. बारावी सायन्सचं गणित आणि थोडंसं पायथॉन येत असेल तर पुढचं सगळं जमतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर दुर्बीण गुंडाळूनच ठेवावी लागते, तेव्हा मी हेच काम करते, याला आभाळ लागत नाही.

आधी कोणता भडका हे ठरवा

न्यूट्रॉन तारे दोन प्रकारे भडकतात आणि यात गोंधळ केला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इथं जरा थांबते.

पहिला प्रकार, टाइप वन बर्स्ट. जोडीदार ताऱ्याचा वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर साचत जातो, दाब आणि तापमान वाढतं आणि सगळा थर एकदम अणुज्वलनानं पेटतो. एखाद्या सेकंदात वर, मग दहा सेकंद ते दीड-दोन मिनिटांत उतार, आणि काही तासांनी परत. हे १९७५ साली पहिल्यांदा नीट ओळखले गेले. दुसरा प्रकार मॅग्नेटारचा. त्यांचं चुंबकीय क्षेत्र प्रचंड असतं आणि त्यातून सेकंदाच्या काही भागाचे झटके येतात, कधी एका दिवसात शेकडो.

"बर्स्टिंग न्यूट्रॉन स्टार" म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रकार घेऊन बसतात आणि कडी शोधत राहतात. सुटी कडी तिथं सहसा दिसत नाहीत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. ताऱ्यावर पडणाऱ्या वायूच्या एका न्यूक्लिऑनमागे, म्हणजे एका प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे, गुरुत्वाकर्षणातून साधारण २०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा सुटते, आणि तोच वायू नंतर पेटतो तेव्हा अणुज्वलनातून फक्त काही एमईव्ही. म्हणजे दोन बर्स्टच्या मधे तारा शांतपणे जी ऊर्जा फेकतो ती एका बर्स्टच्या ४० ते १०० पट, कधी त्याहूनही जास्त. सगळं खळं त्या शांत उजेडानंच भरलेलं असतं, बर्स्टचं कडं त्यात विरून जातं. उघड्या बंदरावर सगळे दिवे पेटलेले असताना कुणी एकदा बॅटरी मारली तर धुक्यात ती कुठं ओळखणार.

म्हणून कडी हवी असतील तर असा स्रोत घ्या जो जोरात भडकला आणि मग गप्प बसला. माझी यादी अशी.

सरावासाठी जीआरबी २२१००९ए. हा न्यूट्रॉन तारा नाही, दूरच्या दीर्घिकेतला गॅमा किरणांचा स्फोट आहे, पण त्यानं आपल्याच आकाशगंगेतली धूळ उजळवली आणि एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीला त्याभोवती २० कडी मिळाली, धुळीचे थर साधारण ३०० पारसेकपासून १८.६ किलोपारसेकपर्यंत (एक पारसेक म्हणजे साधारण ३.२६ प्रकाशवर्षं, किलोपारसेक त्याच्या हजारपट). स्रोत इतका लांब की गणितातली एक अडचण आपोआप जाते, ती पुढे सांगते. तारीख ९ ऑक्टोबर २०२२, भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे पावणेसात वाजून गेले होते. त्या दिवशी कोजागिरी होती. आम्ही खळ्यात दूध आटवायला ठेवत होतो त्याच सुमाराला तो उजेड पृथ्वीवरून गेला, आणि नंतर हा डेटा उघडताना दर वेळी मला ती रात्र आठवते.

मग खरे न्यूट्रॉन तारे. मॅग्नेटार १ई १५४७.०-५४०८, २२ जानेवारी २००९ चे भडके, तीन कडी मिळाली आणि त्यावरून अंतर सुमारे ४ किलोपारसेक निघालं. मॅग्नेटार एसजीआर १९३५+२१५४, २७ एप्रिल २०२०, स्विफ्ट उपग्रहाला कडं दिसलं आणि दुसऱ्याच दिवशी याच ताऱ्यानं आकाशगंगेतला पहिला ओळखलेला जलद रेडिओ स्फोट दिला. त्याच्या कड्यावरून अंतर सुमारे ४.४ किलोपारसेक निघालं, पण अनिश्चितता मोठी. आणि सर्सिनस एक्स-१, जोडीदार असलेला न्यूट्रॉन तारा, टाइप वन बर्स्टही देतो, पण त्याची प्रसिद्ध कडी २०१३ च्या अखेरीस आलेल्या मोठ्या, लांब भडक्याची आहेत. अंतर ९.४ किलोपारसेक, म्हणजे साधारण ३०,७०० प्रकाशवर्षं. हे सगळ्यात सुंदर उदाहरण आहे, पण भडका आठवड्यांचा होता म्हणून कडी जाड आहेत, नवख्यांनी यापासून सुरुवात करू नये.

एकच सूत्र, पण ते हातात बसवा

डेटा उघडायच्या आधी एक कागद घ्या. डावीकडे तारा, उजवीकडे आपण, मधे धूळ, धुळीचा बिंदू सरळ रेषेच्या जरा वर. तारा ते धूळ ते आपण ही वाट सरळ वाटेपेक्षा किंचित लांब. ताऱ्याचं अंतर मोठं अ, धुळीचं अंतर ध, आणि आकाशात ताऱ्यापासून कड्यापर्यंतचा कोन क धरला तर जास्तीची वाट येते क गुणिले क, भागिले २, गुणिले एक लांबी. ती लांबी म्हणजे ध × अ ÷ (अ − ध). हिला मी कामचलाऊ अंतर म्हणते. जास्तीच्या वाटेला प्रकाशाच्या वेगानं भागलं की उशीर. कोन रेडियनमधे, बरं का, इथं दर वर्षी पोरं चुकतात.

रोजच्या वापरासाठी दोन आकडे पाठ करा. कोन आर्कमिनिटात आणि कामचलाऊ अंतर किलोपारसेकमधे असेल तर उशीर सेकंदात = ४,३५४ × कोनाचा वर्ग × कामचलाऊ अंतर. उलट्या बाजूनं, उशीर सेकंदात आणि कोन आर्कसेकंदात (आर्कमिनिटाचा साठावा भाग) असेल तर कामचलाऊ अंतर पारसेकमधे = ८२७ × उशीर ÷ कोनाचा वर्ग.

एक हिशोब करून बघू. तारा ८ किलोपारसेकवर, धूळ १.६ वर. कामचलाऊ अंतर १.६ × ८ ÷ ६.४, म्हणजे बरोब्बर २. एका दिवसानंतर कड्याची त्रिज्या ३.१५ आर्कमिनिट, चार दिवसांनी ६.३, नऊ दिवसांनी साधारण ९.५. वेळ चौपट झाली की कडं दुप्पट, नऊपट झाली की तिप्पट. हे वर्गमूळानं वाढणं हीच धुळीच्या कड्याची ओळख, दुसरी कुठलीच गोष्ट आकाशात अशी वाढत नाही. चंद्र ३१ आर्कमिनिटांचा दिसतो त्यावरून आकाराचा अंदाज घ्या.

ही कल्पना नवी नाही. धुळीमुळे एक्स-रेभोवती खळं दिसायला हवं हे ओव्हरबेक यांनी १९६५ साली मांडलं, त्या उशिरावरून अंतर काढता येईल हे ट्रम्पर आणि शोनफेल्डर यांनी १९७३ साली, आणि प्रत्यक्ष खळं १९८३ साली आइनस्टाइन वेधशाळेच्या डेटात जीएक्स ३३९-४ या एक्स-रे स्रोताभोवती दिसलं. म्हणजे कल्पनेपासून दिसण्यापर्यंत १८ वर्षं.

डेटा कुठून, कसा

सुरुवात स्विफ्ट उपग्रहाच्या एक्सआरटी दुर्बिणीपासून करा. स्विफ्ट २० नोव्हेंबर २००४ ला वर गेला, भडक्याकडे पटकन वळतो, आणि त्याचा डेटा लगेच सगळ्यांना खुला होतो. नासाच्या हीसार्क संग्रहात जा, स्रोताचं नाव टाका, तारीख निवडा, एक्सआरटीचा फोटॉन काउंटिंग मोडचा डेटा घ्या. दुसरा विंडोड टायमिंग मोड असतो, त्यात चित्र एका ओळीत दाबलेलं असतं, कड्यासाठी तो बिनकामाचा. फाइलींत "साफ केलेली इव्हेंट फाइल" ती तुमची, आणि सोबत एक्सपोजर मॅप, म्हणजे डिटेक्टरच्या कुठल्या भागानं किती वेळ बघितलं त्याचा नकाशा. या फाइली छोट्या असतात, आमच्याकडे वाडीत रेंज दोन दांड्यांची असली तरी उतरतात. फक्त पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून पायथॉनची नोटबुक ब्राउझरमधे चालणाऱ्या गूगलच्या कोलॅबवर ठेवा आणि प्रत्येक पायरीचा निकाल सेव्ह करत जा. हीसॉफ्ट नावाचं मोठं पॅकेज पहिल्या फेरीला लागत नाही, पायथॉनमधलं अ‍ॅस्ट्रोपाय पुरतं. चित्र बघायला डीएस९ मात्र घ्याच.

पोरं विचारतात, आपला अ‍ॅस्ट्रोसॅट का नको. चांगला प्रश्न आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर मुंबईच्या टीआयएफआर संस्थेनं बनवलेली सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण आहे, पण तिच्यात एक बिंदू साधारण दोन आर्कमिनिट पसरतो, एक्सआरटीमधे निम्मे फोटॉन १८ आर्कसेकंदांच्या वर्तुळात बसतात. तीन आर्कमिनिटांचं बारीक कडं अ‍ॅस्ट्रोसॅटमधे पुसून जाणार. पण टाइप वन बर्स्टचा वेळेनुसार आलेख हवा असेल तर अ‍ॅस्ट्रोसॅटचं लॅक्सपीसी उपकरण फार भारी, आणि तो डेटाही इस्रोच्या संग्रहात मिळतो.

इव्हेंट फाइल म्हणजे काय ते ओळखा

ही फाइल म्हणजे फोटो नव्हे. ती फोटॉनची हजेरी आहे. एक ओळ एक फोटॉन, कधी आला, कुठं पडला, ऊर्जा किती. वेळ १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदात. जागा पिक्सेलमधे, एक पिक्सेल २.३६ आर्कसेकंद. ऊर्जेचा आकडा १०० ने भागला की किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे आकडा २५० असेल तर अडीच केईव्ही. एवढ्यावर सगळं काम होतं.

पहिली चाळणी ऊर्जेची. १ ते ५ केईव्ही ठेवा, बाकी टाका. १ च्या खालचे मधला वायू खाऊन टाकतो आणि तिथं सूत्रंही नीट चालत नाहीत. वरचे का टाकायचे? धूळ जितकी ताकद लावून एक्स-रे वळवते ती ऊर्जेच्या वर्गानं घटते, ३ केईव्हीला १ केईव्हीच्या नवव्या हिश्श्याइतकी. ५ च्या पुढे कड्याचं काही उरत नाही, पार्श्वभूमी तेवढी वाढते.

दुसरी चाळणी नको त्या स्रोतांची. चित्रात दुसरा कुठला तारा चमकत असेल तर त्याच्याभोवती अर्ध्या-पाऊण आर्कमिनिटाचं वर्तुळ कापून टाका. आणि मधे ज्या काळ्या उभ्या रेघा दिसतील त्यांना घाबरू नका, २७ मे २००५ ला एक सूक्ष्म उल्काकण डिटेक्टरवर आदळला होता, तेव्हापासून ते कॉलम बंद आहेत. पण म्हणूनच एक्सपोजर मॅप लागतो. रेघ कड्यावरून जात असेल तर तिथं फोटॉन कमी पडणार आणि तुम्हाला कडं तुटलेलं वाटेल.

तिसरं, खोटी कडी. दृश्याच्या बाहेर एखादा तेजस्वी स्रोत असला की त्याचा भटका उजेड आरशांवरून येऊन कमानी काढतो, आणि त्या दिसायला फार सुंदर असतात. ओळखायचं कसं? कमानीचा मध्य तुमच्या ताऱ्यावर नसतो आणि ती वेळेनुसार वर्गमूळानं वाढत नाही. दोन्ही कसोट्या लावल्याशिवाय कड्याला कडं म्हणू नका.

मध्य आणि शून्य वेळ

या दोन गोष्टींवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घाला.

मध्य म्हणजे ताऱ्याची जागा. पुस्तकातली जागा घेऊन बसू नका, प्रत्येक वेधाच्या चित्रात ताऱ्याचे फोटॉन कुठं गोळा झालेत ते बघून मध्य काढा, कारण उपग्रहाच्या रोखात थोडा फरक पडतो. तारा फार तेजस्वी असेल तर डिटेक्टरवर फोटॉन एकमेकांवर पडून मधला भाग बिघडतो, मग कडेच्या पसाऱ्यावरून मध्य काढा. वेगवेगळे वेध आधी एकमेकांवर ठेवून मग मोजायचा मोह होतो. तसं करू नका, प्रत्येक वेध आपापल्या मध्यासकट मोजा.

शून्य वेळ म्हणजे भडक्याचा क्षण. इथं जीआरबी २२१००९ए चा धडा आहे. फर्मी उपग्रहानं तो स्फोट जागतिक वेळेनुसार १३:१७ ला पकडला, स्विफ्टला तो दिसला १४:१० ला, जवळपास ३,२०० सेकंदांनी. तुम्ही स्विफ्टच्या फाइलवर विसंबून १४:१० ही शून्य वेळ धरलीत तर सहा तासांनंतरच्या वेधात अंतर १५ टक्क्यांनी चुकेल, एका दिवसानंतरच्या वेधात ३.७ टक्क्यांनी. म्हणून शून्य वेळ नेहमी सगळे उपग्रह बघून ठरवा. मॅग्नेटारच्या बाबतीत तर एका रात्रीत असंख्य झटके असतात, पण कडं बनवण्यात वाटा असतो तो एकूण ऊर्जा सगळ्यात जास्त फेकणाऱ्या एक-दोन झटक्यांचा, त्यांचीच वेळ धरा.

मोजणी, आधी ढोबळ

प्रत्येक वेधासाठी मध्याभोवती १० आर्कसेकंद रुंदीची वर्तुळं काढा, प्रत्येकातले फोटॉन मोजा, एक्सपोजर मॅपमधून मिळालेल्या खऱ्या क्षेत्रफळानं आणि वेळेनं भागा. आलेख मध्यापासून बाहेर उतरत जाईल आणि कडं असेल तिथं टेकाड येईल. टेकाडाचा माथा म्हणजे त्या वेधाचा कोन. कडं खरं आहे का हे ठरवायला साधा नियम, टेकाडात जास्तीचे १०० फोटॉन आणि खाली पार्श्वभूमीचे ४००, तर ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे पाचपट, विश्वास ठेवा. दुप्पट-अडीचपट असेल तर ठेवू नका, डोळ्याला गोल आकार कुठंही दिसतात.

मग उभ्या अक्षावर कोनाचा वर्ग, आडव्या अक्षावर वेळ. बिंदू सरळ रेषेत बसले पाहिजेत. उताराचा आकडा काढा, ८२७ ला त्यानं भागा, कामचलाऊ अंतर पारसेकमधे हातात. आमच्या वरच्या उदाहरणात उतार ०.४१ वर्ग आर्कसेकंद दर सेकंदाला येतो. आणि रेषा मागे वाढवली की ती कोन शून्यावर ज्या वेळेला टेकते ती भडक्याची वेळ. ही वेळ तुम्ही धरलेल्या शून्य वेळेशी जुळली नाही तर पुढे जाऊ नका, एकतर भडका दुसराच आहे नाहीतर मध्य चुकलाय.

मग एकेक फोटॉन

वरच्या पद्धतीत एक कमजोरी आहे. स्विफ्ट पृथ्वीभोवती साधारण ९६ मिनिटांत फिरतो आणि एकेका फेरीत थोडा थोडा वेळ बघतो, मग एक वेध सहा-सहा तास लांबतो. भडक्यानंतर एका दिवसानं कडं सहा तासांत जवळपास बारा टक्के वाढतं, म्हणजे १८९ आर्कसेकंदांचं कडं २२ आर्कसेकंद सरकलं, आणि बेरजेत ते फुगून फिकं झालं.

तिएंगो आणि मेरेगेट्टी यांनी २००६ साली सुचवलेला उपाय मला या सगळ्या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो. चित्र काढायचंच नाही. प्रत्येक फोटॉनची स्वतःची वेळ आणि स्वतःचा कोन आहे, मग प्रत्येक फोटॉनला त्याचं अंतर विचारा. मध्य (५००, ५००) पिक्सेल, फोटॉन पडला (५६०, ५८०) वर. फरक ६० आणि ८०, म्हणजे १०० पिक्सेल, २३६ आर्कसेकंद. शून्य वेळेनंतर ९०,००० सेकंदांनी आला. ८२७ × ९०,००० ÷ ५५,६९६, उत्तर १,३३६ पारसेक. असं सगळ्या फोटॉनना, पायथॉनमधे दोन ओळींचं काम. जे फोटॉन खरोखर एकाच धुळीच्या थरावरून आलेत ते कधीही आलेले असोत, कुठंही पडलेले असोत, सगळे एकच अंतर सांगतात आणि हिस्टोग्राममधे शिखर उभं राहतं. बाकीचे फोटॉन इकडेतिकडे विखुरतात.

विखुरतात तेही नियमानं. सपाट पार्श्वभूमी या आलेखात अंतराच्या वर्गानं घटत जाते, म्हणून जवळच्या अंतरांना उगाच गर्दी दिसते आणि नवखा माणूस तिथं शिखर समजून बसतो. माझी युक्ती अशी की अंतराऐवजी कोनाचा वर्ग भागिले वेळ याचा हिस्टोग्राम काढायचा, त्यात दृश्याच्या कडांपर्यंत पार्श्वभूमी सपाट राहते आणि खरं शिखर डोळ्यात भरतं. मग त्याचं अंतरात रूपांतर करा. ताऱ्याच्या अगदी जवळचे फोटॉन, एक-दीड आर्कमिनिटाच्या आतले, आधीच वगळा.

अचूकता किती येईल हेही आधी कळतं. दुर्बिणीमुळे कोन ९ आर्कसेकंदांनी इकडेतिकडे होतो असं धरा. कडं १०० आर्कसेकंदांचं असेल तर अंतरात १८ टक्के पसारा, ३०० चं असेल तर ६. म्हणजे थोडं थांबून घेतलेला वेध जास्त नेमका. पण फार थांबलात तर कडं फिकं होतं आणि दृश्याबाहेरही जातं. एक्सआरटीचं दृश्य २३.६ आर्कमिनिटांचं, ०.५ किलोपारसेकवरच्या थराचं कडं साडेतीन दिवसांत कडेला पोचतं.

शिखर मिळालं की लगेच आनंदून जाऊ नका, तीन परीक्षा घ्या. फोटॉनच्या वेळा आपापसात पत्त्यांसारख्या पिसा आणि परत आलेख काढा, शिखर गेलं पाहिजे. मध्य मुद्दाम एक आर्कमिनिट सरकवा, शिखर गेलं पाहिजे. डेटा पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा असा वेगळा करा, शिखर दोन्हीकडे त्याच जागी राहिलं पाहिजे. माझ्याकडे एकदा वेळा पिसल्यावरही शिखर जसंच्या तसं राहिलं, आणि शोधल्यावर सापडलं की एक फिकट तारा कापायचा राहिला होता.

कामचलाऊ अंतरातून खरं अंतर

जीआरबीला तारा जवळपास अनंत लांब, म्हणून अ ÷ (अ − ध) म्हणजे एकच आणि कामचलाऊ अंतर तेच धुळीचं खरं अंतर. न्यूट्रॉन तारा आपल्याच आकाशगंगेत असतो, तिथं एका आकड्यात दोन अंतरं अडकलेली असतात. त्यातलं एक दुसरीकडून आणावं लागतं. धुळीचं अंतर कळलं तर ताऱ्याचं अंतर = कामचलाऊ × ध ÷ (कामचलाऊ − ध).

धुळीचं अंतर आणायचे दोन चांगले मार्ग. गाया उपग्रहानं मोजलेल्या ताऱ्यांवरून बनवलेले धुळीचे त्रिमितीय नकाशे, जे जवळच्या काही किलोपारसेकपर्यंत छान चालतात. आणि कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ सर्व्हेतून ढगाचा वेग, त्या वेगावरून अंतर. सर्सिनस एक्स-१ ला ऑस्ट्रेलियातल्या मोप्रा दुर्बिणीच्या सर्व्हेतून कड्यांना जुळणारे ढग मिळाले आणि एकापेक्षा जास्त कडी असल्यामुळे उत्तर घट्ट बसलं. सगळ्या कड्यांना ताऱ्याचं अंतर एकच असतं, म्हणून जितकी कडी तितकी पकड.

पण कोणतं कडं निवडायचं हे महत्त्वाचं, आणि हा हिशोब मी प्रत्येकाकडून हातानं करून घेते. कामचलाऊ अंतर २, धूळ १.६, तारा ८. धुळीच्या अंतरात ०.१ ची चूक धरा. १.५ धरलं तर तारा ६ वर येतो, १.७ धरलं तर ११.३ वर. आता दुसरं कडं, धूळ मधोमध ४ वर, कामचलाऊ ८. चूक तेवढीच टक्क्यांत, ०.२५. ३.७५ धरलं तर ७.१, ४.२५ धरलं तर ९.१. तेवढ्याच चुकीला पहिल्या कड्यानं उत्तर पार पसरवलं आणि दुसऱ्यानं बऱ्यापैकी धरून ठेवलं. आपल्या जवळची धूळ ताऱ्याच्या अंतराबद्दल फार थोडं सांगते. एखाद्या बातमीत मॅग्नेटारचं अंतर वाचलंत आणि चूक अर्ध्याहून मोठी दिसली तर कड्यातली धूळ कुठं होती ते बघा.

खळ्याचा रंग

कड्याच्या स्पेक्ट्रममधून कणांचा आकार कळतो, ते थोडक्यात. ०.१ मायक्रॉनचा कण १ केईव्हीला साधारण १० आर्कमिनिटांत उजेड पसरवतो, २ केईव्हीला ५, आणि कण दुप्पट झाला की पसारा निम्मा. म्हणून तेच कडं मोठं होत जाताना आधी जास्त ऊर्जेचे फोटॉन गळतात, मग कमी ऊर्जेचे. १ ते २ आणि २ ते ४ केईव्ही अशी दोन चित्रं काढून कड्याची चमक कशी उतरते ते बघितलं तरी हे दिसतं. लक्षात ठेवायचं एवढंच की धूळ प्रत्यक्षात जो कोन वळवते तो क ÷ (१ − ध÷अ), म्हणजे ताऱ्याजवळच्या धुळीला दिसतो त्यापेक्षा खूप जास्त वळवावं लागतं.

आणि टाइप वन वाल्यांचं काय

त्यांचं खळं बघायला सगळ्यात चांगली वेळ ग्रहणाची. आकाशगंगेच्या मध्याजवळ एएक्स जे१७४५.६-२९०१ हा बर्स्ट देणारा न्यूट्रॉन तारा आहे, त्याचा जोडीदार त्याला नियमित झाकतो. तारा झाकला गेला की सरळ उजेड एकदम बंद, पण खळं चालू राहतं कारण तो उजेड आधी निघून वाटेत आहे. ग्रहणातला डेटा वेगळा काढा, ग्रहणाबाहेरच्या डेटाशी कोनानुसार तुलना करा. मध्याजवळ खळं लवकर विझतं आणि बाहेर उशिरा, कारण लहान कोनाचा उशीर कमी. त्यावरून धूळ आपल्याकडे आहे की ताऱ्याकडे हे कळतं.

नवा भडका आला की

मॅग्नेटार जागा झाल्याची बातमी जीसीएन सर्क्युलरवर, म्हणजे खगोलशास्त्रज्ञांच्या भडक्यांविषयीच्या सूचनापत्रांत, येते, ती कुणालाही वाचता येते. त्या दिवशी डेटाची वाट बघत बसू नका. शून्य वेळ लिहून ठेवा, धुळीच्या नकाशात त्या दिशेला कुठं कुठं ढग आहेत ते बघा, ताऱ्याच्या दोन-तीन शक्य अंतरांसाठी कामचलाऊ अंतरं काढा आणि कागदावर तक्ता करा, ६ तासांनी, १ दिवसानं, ४ दिवसांनी कडं किती आर्कमिनिटांचं असेल. आमच्या वर्गात हा तक्ता फळ्याच्या कोपऱ्यात तसाच ठेवतो, इव्हेंट फाइल उतरली की पोरं आधी फळ्याकडे बघतात आणि मग स्क्रीनकडे.